मशीन चालू हाय ना गो?

३ ऑक्टो., शुक्र.
बाबा पडले. हाड मोडलेलं नाही, पण घोटा सुजून टम्म. डावा, म्हणजे झटका आल्यापासून जो ओढत चालतात तोच पाय. डॉक्टर म्हणाले, दोनतीन आठवडे खाट सोडायची नाही.

हाक मारली होती त्यांनी. मी शेजारच्याच खोलीत, कॉम्प्युटरपुढे. कुणाच्या तरी बंगल्याचं थ्रीडी चित्र तयार होत होतं, आणि तेव्हा कॉम्प्युटरच्या पेटीतले पंखे असे बोंबलतात की भाताच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. त्यात झटक्यानंतर बाबांचा आवाज राहिलाय केवढासा. हाका मारून मारून कंटाळले आणि आपले आपण उठले.

‘मशीन चालू होती ना. नाय आयकू गेला तुला.’ मलाच समजावत होते. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दादाला पनवेलला फोन केला. ओरडलाच. ‘नीले, भाऊबीजेला येतोय ना मी, तेव्हा बाबांना घेऊन जातो.’ मी म्हटलं, बघू. म्हणाला, बघू नाही, नेतो.

४ ऑक्टो., शनि.
मारुती मंदिराकडे जाऊन बिनतारेची बेल आणली. बटण बाबांच्या उशाशी, घंटा माझ्या टेबलावर. दुपारी बघते तर बटण खिडकीत, औषधांच्या मागे लपवलेलं.

‘बेल मारून पोरीला बोलवायला मी काय कप्तान हाय?’
‘मग जोरात हाक मारा!’
‘मारली होती.’

झालं. 

कॉम्प्युटर हलवायचा तरी कुठे? दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आत बाबांची खाट, बाहेर माझं टेबल. मधलं दार उघडंच असतं. काम बंद ठेवलं तर खायचं काय. म्हणजे एकच उरलं. पेटीचा आवाज कमी करायचा. इतका, की काम चालू असताना बाबांची हाक मला खुर्चीत ऐकू आली पाहिजे. आणि ते भाऊबीजेच्या आत, म्हणजे दादाच्या तोंडावर मारता येईल.

५ ऑक्टो., रवि.
पेटी उघडली. आई गं! चिऱ्याची तांबडी धूळ, पुढच्या जाळीवर तर गालिचाच अंथरलेला. खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले, एकाचं डोकं हातात आलं. पुढे दोन पंखे, मागे एक. पुढचे बाहेरची हवा आत ओढतात, मागचा गरम हवा बाहेर फेकतो. प्रोसेसरचा वेगळा, ग्राफिक्स कार्डाचे वेगळे. रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं, शिंका देऊन देऊन नाक लाल.

आवाज? आता स्वच्छ होऊन बोंबलतात, एवढाच फरक.

चाचणीला बाबा तयार नाहीत. ‘उगाच हाक मारू? बोटीवर खोटा अलार्म मारणाऱ्याशी आम्ही चार दिवस बोलत नव्हतो.’ शेवटी त्यांचा ट्रान्झिस्टर उशाशी ठेवला, अगदी बारीक लावून, त्यांच्या आवाजाएवढा. मी खुर्चीत. तो ऐकू आला तर पास.

नापास. सपशेल.

दा. चा फोन आता रोज येतो, पण बाबांच्या मोबाइलवर. दुपारच्या चहानंतर. मला नाही करत. नको करू.

७ ऑक्टो., मंगळ.
कॉम्प्युटर सुरू होण्याआधी जो सेटिंगचा पडदा उघडतो, त्यात दिवस गेला. पंख्यांचा वेग तिथे बसवता येतो म्हणे. बसवला. निम्मा केला. पाव केला. पंखे ढिम्म. तेच तारस्वर.

मदरबोर्डाला नाही नाही ते बोलले. मग संध्याकाळी टॉर्च लावून वायरी बघितल्या आणि स्वतःलाच बोलायची वेळ आली. माझ्या पंख्यांना वायरी तीन. बोर्ड बोलत होता चार वायरींच्या पंख्यांशी. ‘हळू हो’ हा निरोप जातो चौथ्या वायरीवरून, आणि ती तर नाहीच. म्हणजे हे तीन शहाणे पेटी घेतल्यापासून फुल स्पीडने धावतायत, आणि त्यांना कुणी हळू व्हा म्हणतंय हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही कधी.

सेटिंग बदललं. निरोप नाही, वीजच कमी द्यायची. आणि एकदम… काय सांगू. पंगत उठल्यावर मांडवात होतं तसं झालं. वरचा छताचा पंखा कुरकुरतो हे मला आज कळलं.

खुशीत बाबांना सांगायला गेले तर झोपलेले.

८ ऑक्टो., बुध.
आनंद एका रात्रीचा. पंखे आता चढतात आणि उतरतात. नुसती फाइल उघडली की घूंऽऽ, मग खाली. माउस हलवला की घूंऽऽ. आधी सतत होता तो आवाज बरा, निदान विसरता यायचा. हा म्हणजे दर मिनिटाला कुणीतरी खांद्यावर थाप मारतंय. ट्रान्झिस्टर ऐकू येतो, जातो, येतो, जातो.

नापासच.

बाबांना चहा दिला तेव्हा विचारलं त्यांनी, ‘मशीन चालू हाय ना गो?’
‘आहे.’
‘बरा.’
रोज विचारतात. माझ्या कामाची काळजी. त्यांना स्वतःला पंख्यांचा आवाज येत नाही फारसा, कान बोटीच्या इंजिनरूममध्येच ठेवून आले. जवळ जाऊन मोठ्याने बोललं की ऐकू येतं. कानाला मशीन लावा म्हटलं की नाक वर करून नको म्हणतात.

९ ऑक्टो., गुरु.
पाय शेकताना बाबा रंगात आले. इंजिनरूमच्या गोष्टी. तिथे एवढा आवाज की शेजारी उभ्या माणसाला कानात ओरडून सांगावं लागे. ‘पण त्याचा एक सुख होता गो. वाट्टेल ता बोलायचा. चीफ समोर उभा, मी हसत हसत त्याच्या सात पिढ्या काढतोय, तो मान हलवतोय. आये गेल्याची तार आली ना, तेव्हा जनरेटरला हात लावून मोठ्याने रडलो. कुणाला पत्ता नाय. मशीनच्या बाजूला माणूस मोकळा होतो.’

हसलो दोघं. आई असती तर म्हणाली असती, आता घरात पण तेच करा.

बोटीवर असताना बेअरिंगला तळहात लावून तब्येत बघायचे, ती सवय अजून आहे. पडायच्या आधी वॉकर घेऊन येता-जाता माझ्या पेटीवरही हात ठेवायचे. ‘गरम हाय आज.’ ‘थरथरतंय, बघ.’ आता खाटेवरून माझ्या पेटीला मुकलेत.

११ ऑक्टो., शनि.
करायला गेले गणपती, झाला मारुती. चढउतार नको म्हणून वेग अगदी खाली बांधला. त्या वेगाला मागचा पंखा फिरेचना, नुसता थरथरत उभा. मी कामात, लक्ष नाही. पुण्याहून काम पाठवणाऱ्या मॅडमच्या हॉटेलचं चित्र निम्म्याहून जास्त झालेलं, आणि पेटी गपकन बंद. हात लावला तर तवा. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मॅडमचा व्हिडिओ कॉल. ‘नीलिमा, तिथे बसून कसं होणार हे? मी जागा भरलेली नाही अजून. इथे ऑफिसात ये, चांगल्या मशीन आहेत, एसी आहे.’ हे त्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून म्हणतायत. मी तेव्हाही नाही म्हटलं. कारणही सांगितलं, बाबा. आजही तेच.

ऑक्टोबरचं ऊन असं, की भाट्याच्या पुलावरून चालत आले तर चपला वितळतील. माणसांना हवा नाही, पंख्यांनी कुठून आणायची.

१२ ऑक्टो., रवि.
दा. ला मीच फोन केला. म्हटलं, आवाजाचं काम होत आलंय, बाबांना न्यायची गरज पडणार नाही. म्हणाला, ‘नीलू, माझं ऐक. ठरलंय ते.’
‘कुणी ठरवलं?’
गप्प.
‘तू ठरवलंस. पनवेलच्या सातव्या मजल्यावर बसून. इथे त्यांचं बूड कोण धुतं माहितेय?’
 मग वहिनीने फोन घेतला, फराळाला काय पाठवू विचारलं.
उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं माझं. पण चुकीचं काय बोलले? दुरून डोंगर साजरे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

१३ ऑक्टो., सोम.
मागचा पंखा घासतच होता, दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, बेअरिंग गेलं, आणि तुम्ही एवढ्या लहान पंख्याला का पळवताय? मोठं पातं आणा, सावकाश फिरलं तरी हवा तेवढीच. आणला. संध्याकाळी बसवला. जुनी रबरी चप्पल कापून पेटीच्या चारी पायांखाली तुकडे दिले, फरशीची थरथर गेली.

आणि खरी चूक सापडली. मी पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधले होते. तो म्हणजे क्षणात पेटणारा, क्षणात निवणारा, माझ्यासारखा. त्याच्या प्रत्येक रागाला पंख्यांनी धावायचं कशाला? आता सांगितलंय, साठ अंशांपर्यंत एकच संथ वेग, कितीही नाचू दे. त्याच्या वर गेलं तरी जरा थांबून, हळूहळू चढायचं. उतरताना त्याहून सावकाश.

१४ ऑक्टो., मंगळ.
मॅडमचं हॉटेल पुन्हा लावलं, सगळ्यात जड चित्र. दुपारपर्यंत चाललं. तापमान सत्तरच्या आसपास. पंखे एका सुरात, जेमतेम.

ट्रान्झिस्टर ऐकू आला. शेतकऱ्यांसाठी काहीतरी होतं, भात कापणीला आलेल्यांनी अमुक करा. शब्द न् शब्द ऐकू आला.

पास! पास! पास!

खुर्चीतच गिरकी घेतली. ये म्हणावं आता दादाला.

१५ ऑक्टो., बुध.
काय लिहू.

नीट क्रमाने लिहिते. बाबांना चहा दिला. त्यांनी विचारलं, मशीन चालू हाय ना गो. म्हटलं, हो. खरंच होती चालू, चित्र लागलेलं. बाहेर येऊन खुर्चीत बसले. दा. चा फोन आला. बाबा फोन कानाला लावतात तो पूर्ण मोठा करून, त्यामुळे दा. चाही आवाज येतो.

दा. म्हणाला, ‘बाबा, ती माझ्यावर भडकलीय. खरं सांगून टाकू का?’

आणि बाबा, त्या एवढ्याशा आवाजात, पण स्पष्ट, ‘खुळा काय? माझा नाव घेऊ नको. तूच नेतोयस असा सांग. मी जातोय म्हटला तर सोडील काय ती? त्या पुण्याच्या बाईला नाय म्हणाली ती. मी आयकला ना. मशीनवर ओरडून बोलते, मला सगळा आयकू येता. माझ्यापायी अडकली. तू ने मला.’

मी बसून राहिले. पडद्यावर हॉटेलचा पोहण्याचा तलाव रेघ रेघ करून उमटत होता.

फोन ठेवला. मला वाटलं संपलं. मग पुन्हा आवाज. आईच्या फोटोशी. ‘जातोय गो मी. काय करू? मला नाय जायचा हयसून. तिकडे समुद्र नाय, कोण नाय, सातवा माळा. पण पोरीचा बघायला नको?’ मग नुसता श्वास. मग नाक ओढल्याचा आवाज.

पंख्यांच्या आड माणूस मोकळा होतो. त्यांना वाटतंय अजून आवाज आहे. म्हणून विचारत होते रोज. माझ्या कामाची काळजी नव्हती ती.

१६ ऑक्टो., गुरु.
आजही. थोडंसंच. बॅगेत कुठले कपडे, स्वेटर लागेल का. मग आईला, ‘तुझा फोटो नेऊ की हय ठेवू? हय बरा. हिला सोबत.’

मी कान झाकले. खरंच, दोन्ही हातांनी. मग काढले. उद्या पडले तर?

दा. ला फोन लावून काय बोलू? तोंड आहे का बोलायला? त्याने माझ्या शिव्या खाल्ल्या आणि गप्प बसला. लहानपणी माझ्या वाटणीचा मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं, तेव्हा नाही खाल्लान, आता खातोय.

आणि एक, जे कुठेच बोलणार नाही म्हणून इथे. पुण्याला नाही म्हटल्यावर मी महिनाभर धुमसत होते. भांडी आपटली. बाबांनी नुसता फोन ऐकला असेल असं नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.
आज एक शहाणपणा केला. बाबांना माहीत नसताना त्यांचं बोलणं ऐकायचं म्हणजे दाराच्या फटीतून आंघोळ बघण्यासारखं. म्हणून चहा दिला, त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, आणि बाहेर येऊन पंखे फुल केले. बोला म्हटलं मनात, काय बोलायचं ते पोटभर बोला. खुर्चीत बसून राहिले त्या गोंगाटात.

बऱ्याच वेळाने आत गेले. चादर ओली. लघवीचं भांडं खाटेखाली सरकलेलं, त्यांना वाकता येत नाही. हाक मारली होती.

‘मशीन जोरात होती काय?’ विचारलं त्यांनी. वरमलेले. मी चादर बदलली, अंग पुसलं. बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं.

म्हणजे आवाज ठेवला तर हाक ऐकू येत नाही. घालवला तर जे ऐकायचं नाही ते येतं. आगीतून फुफाट्यात. सेटिंगच्या त्या पडद्यावर पंख्यांच्या वेगाची सगळी रेघ माझ्या हातात आहे, हवी तशी वाकवता येते, आणि मला कळत नाही कुठे ठेवू.

पंखे पुन्हा हळू केले. जीव महत्त्वाचा.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी
चकल्या बिघडल्या. मोहन जास्त झालं. बाबा म्हणाले चांगल्या झाल्या आणि तीन खाल्ल्या. खोटारडे.

वहिनीचा मेसेज, बाबांची कागदपत्रं, औषधं एका पिशवीत, गरम कपडे वर. भरायला घेतलं. त्यांच्या कपाटात बोटीवरचा बॉयलर सूट अजून, इस्त्री केलेला. तो बॅगेत घालू का, विचारायला गेले.  ‘नको. तिकडे कशाला पायजे.’

सांगावं का? सांगितलं तर आजपर्यंत जे बोलले ते सगळं मी ऐकलं हे कळेल, आणि त्यानंतर या घरात तोंड उघडणार नाहीत. आईशीसुद्धा नाही. नाही सांगितलं तर गुरुवारी गाडीत बसतील.

२० ऑक्टो., सोम. नरक चतुर्दशी
पहाटे बाबांना तेल लावून गरम पाण्याने आंघोळ, खुर्चीत बसवून. मग म्हणाले कारीट फोडणार. ते लहानसं कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं म्हणजे नरकासुर मेला. डावा पाय तर सुजका, तोच अधू.

‘उजव्याने फोडा, नरकासुर काही बोलणार नाही.’
‘डाव्याने म्हंजे डाव्याने.’

माझा खांदा धरला. मागच्या उंबऱ्याशी उभे राहिले. अंगठा टेकवला, जोर लागेना. पुन्हा. कपाळावर घाम. मी म्हणत होते, पुरे, पुरे. फटकन फुटलं आणि बिया माझ्या साडीवर. असे हसले! झटक्यानंतर असे हसलेले नव्हते. जिभेला कडू लावून घेतलं, मला लावलं, दहीपोहे हाणले. सूज बरीच उतरलीय. डॉक्टरांनी परवापासून वॉकरला परवानगी दिलीय.

दुपारी तेच. मशीन चालू हाय ना गो. दा. ला म्हणाले, ‘आज कारीट फोडलंय मी.’ मग आईला म्हणाले, ‘पुढच्या साली कुठे मिळायचा तिकडे कारीट.’

मी उठून अंगणात गेले. समोरच्यांचा कंदील बघत बसले.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
पूजेत पेटीलाही हळदकुंकू लावलं, दरवर्षी लावते. लावताना हात थांबला. हिच्यामुळेच सगळं. मग वाटलं, हिचं काय चुकलं. सांगितलं तेवढं केलंन बिचारीने.

दा. चा मला फोन, पडल्या दिवसानंतर पहिलाच. ‘गुरुवारी सकाळी पोचतो. ओवाळणी काय हवी?’ जिभेवर आलं होतं, बाबांना ठेव. नाही बोलले. ते काय त्याच्या खिशातले आहेत. म्हटलं, ‘दादा, त्या दिवशी जे बोलले ते विसर.’ तो म्हणाला, ‘कोण काय बोललं? मला नाही आठवत.’ खोटारडेपणा घराण्यातच आहे.

मॅडमना विचारलं, इथून काम करून महिन्यातून आठवडाभर ऑफिसात आले तर? विचार करते म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
सकाळी चित्र लावून बसले होते. मागे वॉकरचा आवाज, टक, सर्र, टक, सर्र. पूर्वी पंख्यांत तो कधी ऐकूच यायचा नाही. बाबा पडल्यापासून पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत. मी वळले नाही. येऊ दे म्हटलं आपले आपण.

आले आणि सवयीने पेटीवर हात ठेवला.

ठेवलेला हात उचलला. जागा बदलून परत ठेवला. तळहात पूर्ण टेकवून.

‘बंद हाय?’
‘चालू आहे.’
‘काय?’
‘चालू आहे, बाबा!’
‘थरथरत नाय.’
‘पंखे हळू केलेत.’
‘कधी?’

आत्ताच म्हणता आलं असतं. सकाळी केले म्हणून सांगता आलं असतं. पण त्यांचा हात पेटीवर होता आणि ते माझ्याकडे बघत होते. जन्मभर बेअरिंगवर हात ठेवणाऱ्या माणसाशी काय खोटं बोलायचं.

‘तुम्ही पडलात ना, तेव्हापासून करत होते. जमलं त्याला आठवडा झाला. तुमची हाक ऐकू यावी म्हणून.’

हात तसाच. हिशेब लावत असावेत.

‘म्हंजे फोनवर…’
‘हो.’
‘आणि मागनं…’
‘ते पण.’

कान लाल झाले त्यांचे. मला वाटलं चिडतील, चिडले असते तर बरं झालं असतं. ‘सांगायचा होतास गो बाय,’ म्हणाले.
मी म्हटलं, ‘तुम्ही पण.’

मग टक, सर्र, टक, सर्र आत गेले. मी मदत केली नाही. त्यांनी मागितली नाही.

जेवताना बासुंदी वाटीत तशीच राहिली. मला सारखं वाटत होतं की घरातलं शेवटचं दार मी काढून टाकलंय, आता त्यांना आडोसा नाही कुठे. आणि हेही, की इतकी वर्षं शेजारच्या खोलीत राहून मला एवढंच माहीत होतं की त्यांना चहात साखर कमी लागते.

चहा नेऊन दिला. आज विचारलं नाही मशीन चालू आहे का. कप घेतला, माझ्याकडे बघितलं, मधल्या दाराकडे बघितलं. मी म्हटलं, लोटून घेऊ? मान हलवली, नको.

बाहेर येऊन बसले. पंख्यांना हात लावला नाही, ना वर ना खाली. फोन वाजला. बाबांनी लगेच उचलला नाही. वाजू दिला. मग उचलला.

दा. सुरूच झाला. ‘बाबा, सकाळी लवकर निघतोय. बॅग भरली ना तिने? तिला अजून काही कळलं नाही ना?’

आणि बाबांनी, झटक्यानंतर पहिल्यांदाच, सगळा जोर लावून आवाज चढवला. तो दा. साठी नव्हता. दा. च्या कानात फोन होता.

‘थांब रे जरा. बाय आयकतंय.’

 दादा तिकडून हॅलो हॅलो करत राहिला. मी खुर्चीतून उठले आणि आत गेले. बॅग दाराशीच आहे अजून.